तुऱ्हाटीच्या मापाची गाडी

आमच्या रामरावदादांना सल्ला विचारायची फार हौस, आणि तो न ऐकायची त्याहून जास्त. मी त्यांचा चुलतभाऊ भागवत. हसनाबादच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. त्याआधी निम्मं आयुष्य मी काळी-पिवळी जीप चालवण्यात घालवलं. त्यामुळे गावात कुणालाही चाकाचं काही घ्यायचं झालं, अगदी लेकराची तीनचाकी सायकल का असेना, की मला बोलावणं येतं. मी सांगतो, ते मान डोलावतात, आणि मनाला येईल ते घेऊन मोकळे होतात. बिघडलं की परत माझ्याच दुकानासमोर आणून उभं करतात.

तर हे दादा एके दिवशी दुकानात येऊन टायरवर बसले आणि म्हणाले की जुन्यात एक गाडी बघायची, पण चारी चाकं ओढणारी पाहिजे. मी कशाला म्हणून विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

दादांची वस्ती डांबरी रस्ता सोडून आत, पांदणीच्या शेवटाला आहे. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात ती धुळीची असते आणि पावसाळ्यात तिचा असा काळा चिखल होतो की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. वस्तीवरची माणसं श्रावणात चपला हातात घेऊनच चालतात. त्यात कुणाला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते एकदाच, आणि ते दादांना.

दादांना एकुलती एक लेक, शीतल. ती घनसावंगीकडे, उसाच्या गावात दिलेली. आमच्याकडे नागपंचमीला लेक माहेरी येते, पण अशी उठून येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं. त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दादा स्वतः मुराळी होऊन गेले आणि लेकीबरोबर जावयालाही घेऊन आले. जावई अंगद नवे कोरे बूट घालून आला होता. पांदणीत एक बूट जो गेला तो गेलाच. दादांनी कोपरापर्यंत हात घालून शोधला, तरी सापडला नाही. जावई दादांच्या जुन्या चपला घालून परत गेला. बूट दिवाळीनंतर चिखल वाळल्यावर कुत्र्यानं उकरून काढला. दादांनी तो धुतला, पुसला आणि खुंटीला टांगला. आम्ही पोट धरून हसलो. दादा हसले नाहीत. सोयऱ्यांत आपलं नाक कापलं गेलं असं त्यांनी जे डोक्यात घेतलं, ते काही केल्या निघेना.

तेव्हापासून पंचमीला मुराळी बंद. शीतल दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची, पण श्रावण आला की दादा म्हणायचे, रस्ता होऊ द्या, मग आणू. रस्ता दर निवडणुकीला भाषणात व्हायचा. आणि झुंबरबाई वहिनी दर पंचमीला वस्तीसमोरच्या कडुलिंबाला झोका बांधायच्या. त्यावर दुसऱ्यांच्या लेकी झोके घ्यायच्या आणि वहिनी ओसरीत बसून पांदणीकडे बघायच्या. ते मला बघवायचं नाही. पण घरातल्या गोष्टीत बोलायला मी कोण? मी फक्त चाकातला माणूस.

"यंदा शीतल पंचमीला येणार," दादा टायरवर बसून म्हणाले. "गाडीतून येणार. वस्तीच्या दारात उतरणार. पायाला चिखलाचा ठिपका लागू देणार न्हाई."

मी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं.

गाडी बघायला निघताना दादांनी एक तुऱ्हाटी बरोबर घेतली. तुरीचं वाळलेलं झाड, फांद्या साळून केलेली छातीएवढी काठी. पांदणीत दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा असतो, त्याच्या उंचीला त्यांनी त्या काठीवर लाल दोरा बांधला होता. म्हणणं असं, की गाडीचं पोट दोऱ्याच्या वर पाहिजे, नाहीतर ती पांदणीत पोटावर बसणार. खरं सांगायचं तर ही अक्कल मला सुचायला हवी होती. पण जालन्याच्या गाडीबाजारात, चकचकीत गाड्यांच्या रांगेत, दादा धोतर सावरत प्रत्येक गाडीशेजारी काठी उभी करून एक डोळा मिटून खाली वाकायचे, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. आम्ही बरोबर आलो आहोत हे लोकांना कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

पहिली गाडी दिसायला नवरीसारखी होती. मागच्या दारावर चार गुणिले चार असं चंदेरी अक्षरांत लिहिलेलं. पोट दोऱ्याच्या वर होतं. दादा तिथंच नारळ फोडायच्या बेतात होते. मी पाठीवर झोपून खाली सरकलो. पुढून मागच्या चाकाला ताकद न्यायला एक जाड दांडा लागतो, तो कुठं दिसेना. मी बाहेर आलो आणि विकणाऱ्याला विचारलं, दांडा कुठं आहे? तो म्हणाला, दांड्याचं माहीत नाही, पण नाव तर ओरिजनल आहे. आम्ही चहा पिऊन निघालो. चहाला नाही म्हणायचं नसतं.

दुसरी गाडी एका डॉक्टरांची. तिला दांडाही होता आणि अक्कलही होती. विकणाऱ्या पोरानं समजावलं की यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही. एरवी पुढची दोन चाकं ओढतात, आणि घसरायला लागलं की मागच्या चाकांना ताकद द्यायची का नाही, ते गाडी स्वतः ठरवते. मला गाडी आवडली. शहरात राहायचं, कधीमधी शेताकडे जायचं, तर याहून बरी गाडी नाही. मी तसं सांगितलंही.

दादांनी त्या पोराला विचारलं, "ऐन चिखलात ती ठरवत बसली तर आपण काय करायचं?"

पोरगं काच पुसायला लागलं. शिवाय पोट दोऱ्याच्या बरंच खाली निघालं. ती गाडीही गेली.

त्यानंतर आम्ही बरंच फिरलो. एका गाडीचं पोट उंच होतं पण टायरांना टक्कल पडलेलं. चिखलात तसलं टायर म्हणजे साबणाची वडी. एकीच्या खालचा पत्रा इतका गंजलेला की दादांची काठीच आरपार गेली, आणि मालक आमच्याकडूनच भरपाई मागायला लागला. पंचमी जवळ येत चालली. दादांचा आवाज बसत चालला. तेवढ्यात जाफराबादहून कुणीतरी निरोप आणला, की ओमप्रकाश म्हणून एक शेळ्यांचे व्यापारी आहेत, त्यांच्या दारात जुनी जीप आहे, खऱ्या चार चाकांची.

ओमप्रकाशची जीप बघितली आणि दादांनी टोपी सारखी केली. जुनी होती, पण काय ठेवली होती! टपावर ताडपत्री, बॉनेटवर दसऱ्याचा वाळलेला हार, आत सीटवर विणलेले रुमाल. त्यांची बायको जयवंताबाई रोज सकाळी दारात पाणी मारताना गाडीलाही मारायची म्हणे. पोट दोऱ्याच्या वर. खाली दांडे दोन, पुढे एक, मागे एक. टायर चांगले. आणि गिअरच्या दांडीशेजारी ती दुसरी छोटी दांडी, चारी चाकं लावायची. तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, वर रबर.

ओमप्रकाशनी छाती काढून सांगितलं, "फोर बाय फोर एकदाबी लावला न्हाई. जसा आल्ता तसाच हाय. बिलकुल कोरा."

दादांचे डोळे पाणावले. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. आमच्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, ठेवतात. टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक काढत नाहीत. वहिनींनी लग्नातला काचेचा सेट अजून पेटीत कापडात गुंडाळून ठेवला आहे, आणि पाहुण्यांना चहा तडे गेलेल्या कपांतून देतात. न वापरलेलं म्हणजे नवं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो. तरीपण मी म्हणालो, एकदा लावून तर बघू.

ओमप्रकाशना ते लागलं. "कोरं लुगडं नेसून बघून घेतात का कुठं?"

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी घाण बोललो. आणि खरं तर गाडी डांबरी रस्त्यावर उभी होती. डांबरावर चारी चाकं लावून फिरवली की आतले दाते एकमेकांशी भांडतात, हे मला माहीत होतं. चिखल बघायला कुठं जायचं? मी विषय सोडला. जीप घेतली. घरी येताना वाटेत दादांनी त्या पिशवीवर आणखी एक रबर चढवलं.

"हिला हात लावायचा न्हाई बरं, भागवत. एकदम पंचमीलाच."

पंचमीला पहाटेच आम्ही निघालो. आदल्या दिवशीच जायचं होतं, पण अंगदच्या विहिरीवरची मोटार जळाली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याला हलता येत नव्हतं. घनसावंगीला पोचलो तर शीतल उंबऱ्यात उभी होती, नवं लुगडं नेसून, पिशवी भरून. दादांना बघून ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. मग पुढं मी, शेजारी दादा, मागं लेक-जावई. रस्त्याभर दादा जावयाला गाडी समजावून सांगत होते. दांडे किती, पोट किती उंच, ती छोटी दांडी कशी कोरी. अंगद गरीब माणूस, हं मामा, हं मामा करत होता.

दुपारी पांदणीच्या तोंडाशी आलो. रात्रभर पाऊस झालेला. काळी वाट चकाकत होती. पलीकडे लिंबाखाली रंगीत लुगडी दिसत होती; आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका फेर धरायला जमलेल्या, आणि झोका वाऱ्यावर हलत होता. दादा म्हणाले, थोडं आत जाऊ दे, मग लावू. कोरी वस्तू आहे, उगीच कशाला आधीपासून झिजवायची?

मी थोडा आत गेलो. चाकं घसरायला लागली. दादांनी रबरं काढली, पिशवी काढली, घडी करून खिशात ठेवली. दांडीला हळद-कुंकू लावलं. "लाव," म्हणाले.

मी ओढली. दांडी हलली नाही. दोन हातांनी ओढली. दादांनी ओढली. अंगदनं मागून वाकून, पाय सीटला लावून ओढली, आणि दांडीची मूठ त्याच्या हातात आली. तो ती मूठ धरून बसला, जावयानं काय करावं ते त्याला सुचेना. इतकी वर्षं न हललेली ती दांडी आतून गंजून जाम झाली होती. लोखंडाला हलवलं नाही तर ते झोपतं, आणि झोपलेलं लोखंड हळद-कुंकवानं उठत नाही. तोवर इकडे मागची चाकं जागच्या जागी फिरून फिरून गाडीचा मागचा भाग खाली बसला होता. पोट दोऱ्याच्या वर होतं ते आता दोऱ्यासकट चिखलात होतं.

दादा उतरले. पांढरं धोतर, नवी टोपी. मागून फावडं काढलं, तेवढी तयारी त्यांनी केली होती. फावडं उचललं, आणि समोरून आवाज आला.

"फावडं खाली ठेवा," वहिनी म्हणाल्या. गाडी थांबलेली बघून त्या बायकांना घेऊन पांदणीत आल्या होत्या, अनवाणी. "आज पंचमी हाय. आज जमीन खणायची न्हाई."

"खणून कुठं राह्यलो? चाकापुढचा चिखल काढून राह्यलो."

"चिखल काय आभाळातून आल्ता?"

पंचमीला नागोबा जमिनीत असतो. त्या दिवशी खणायचं नाही, नांगरायचं नाही, काही चिरायचं नाही. वहिनी घरात त्या दिवशी विळीसुद्धा हातात घेत नाहीत. मी म्हणालो, बाभळीच्या चार फांद्या तोडून चाकाखाली टाकू. वहिनींनी मान हलवली. तोडणंही चिरण्यातच येतं. बैल जुंपायचे नाहीत. शेजारच्या मिथुनला फोन लावला, ट्रॅक्टर घेऊन ये म्हणून. तो म्हणाला, आईनं किल्ली कमरेला खोवली आहे. मागून त्याच्या आईचा, कांताबाईचा आवाज ऐकू आला, की उद्या सकाळी जल्दी पाठवते.

दादांनी चाकाखाली पोती घातली. मी गाडी रेटली. चाकानं पोती गिळली आणि मागून दादांच्या अंगावर फेकली. आता दादांच्या धोतराचा रंग सांगता येत नव्हता. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसत होतो, स्टिअरिंगखाली वाकून. शीतलनं दार उघडून एक पाय बाहेर काढला, तसे दादा धावले.

"उतरू नको. बसून राहा. मी तुला पाठीवर घेतो."

मग मात्र कुणी हसलं नाही. दादा खरोखरच दारासमोर पाठ करून वाकले होते. एवढे मोठे, पिकल्या केसांचे, चिखलानं माखलेले, गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत होते.

शीतल चिखलात उतरली. सँडल काढून हातात घेतल्या आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी गाडीची वाट न्हाई पाहिली कधी. मुराळ्याची पाहिली. दर पंचमीला शेजारणीचा भाऊ यायचा, आन मी उंबऱ्यात उभी राहायची. तुम्ही चालत आले असते, तर मी चालत आले असते."

दादा वाकलेले तसेच राहिले. गाडीत मूठ धरून बसलेला अंगद हळूच म्हणाला, "मामा, त्या बुटाची गोष्ट आमच्या घरात लई आवडीनं सांगतात. आमची आजी म्हणायची, सासऱ्यानं जावयाच्या बुटासाठी कोपरापस्तोर हात घातला, पोरगं नशिबाचं हाय." मग त्यानं स्वतःचे बूट काढले, त्यात मोजे कोंबले, आणि पँट दुमडून उतरला.

दादा सरळ झाले. त्यांनी लेकीच्या पायांकडे बघितलं. पायांवर घोट्यापर्यंत चिखल होता, ठिपका नाही, सगळाच. मग त्यांनी गाडीच्या मागून तुऱ्हाटी काढली. पुढं झाले, काठी चिखलात रोवली, दोऱ्याकडे बघितलं.

"हितं दोऱ्याच्या खाली हाय. ठेव पाय," ते म्हणाले. पुढं काठी रोवली. "हितं नको. इकडून ये."

अशी ती मिरवणूक वस्तीपर्यंत गेली. पुढं दादा काठी रोवत, मागं शीतल त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत, मागं जावई बूट हातात घेऊन, आणि बायका गाणं म्हणत. वहिनींनी लेकीचे पाय धुतले नाहीत. तशीच आधी झोक्यावर बसवली. जीप रात्रभर पांदणीत उभी राहिली, नागोबाला धक्का न लावता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ती निघाली. मी दुकानात नेऊन दांडीच्या सांध्यांत तेल सोडलं, हातोडी लावली, आणि तिसऱ्या ठोक्याला ती अशी सरकली की मलाच राग आला. तेव्हापासून दादा दर शनिवारी जीप शेतात नेऊन चारी चाकं लावतात आणि फिरवून आणतात. कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की ते सल्ला देतात, की जी दांडी कधी लावलीच नाही असं मालक सांगेल, ती गाडी घेऊ नका. लोक मान डोलावतात.

पुढच्या पंचमीला आम्ही परत मुराळी होऊन गेलो. पाऊस तसाच होता, पांदण तशीच. डांबर संपलं, मी छोटी दांडी एका बोटानं ओढली, आणि चारी चाकांनी चिखल धरला. आता थेट दारात नेऊन उतरवतो, असं मी म्हणणार, तेवढ्यात शीतल मागून म्हणाली की काका, थांबवा. ती उतरली, सँडल हातात घेतल्या आणि जीपच्या दादांकडच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाबा, काठी आणली का?"

दादांनी सीटच्या मागून तुऱ्हाटी काढली. लाल दोरा नवा बांधला होता. दोघं पुढं निघाले, आणि मी मोकळी जीप घेऊन, चारी चाकं लावून, त्यांच्या मागून हळूहळू गेलो.